किती वॅटचा?

बीडच्या बाजारात ॲम्प्लिफायर घ्यायला गेलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो ‘किती वॅटचा?’ दुसरा प्रश्न किमतीचा. सौदा जुळतो किंवा फिसकटतो तो बहुधा या दोन प्रश्नांवरच. त्याला स्पीकर कोणते जोडणार, ते किती ओहमचे, खोली केवढी, ऐकणारा किती लांब बसणार, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. दुकानदारालाही ते सोयीचंच असतं. ५०० लिहिलेला डबा २०० लिहिलेल्या डब्यापेक्षा महाग विकता येतो आणि गिऱ्हाईकही खूश होऊन जातं. घरी जोडल्यावर आवाज जुन्या सेटपेक्षा फारसा वाढलेला वाटत नाही, तेव्हा खापर कधी विजेवर फुटतं, कधी पेनड्राइव्हमधल्या गाण्यांवर. ॲम्प्लिफायरची ताकद आणि कानाला जाणवणारा आवाज यांचं नेमकं नातं काय, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. नातं आहे, पण ते दुप्पट पैसे, दुप्पट वॅट, दुप्पट आवाज असं सरळ चालत नाही.

हे लिहिताना डोळ्यांसमोर कपिलधार आणि आसपासची गावं आहेत. बालाघाटाच्या रांगेत, मांजरसुंब्याजवळ, दरीत कोसळणारा धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्याच्या गावोगावहून आणि राज्याच्या सीमेपलीकडूनही दिंड्या येतात. वीणा, टाळ, मृदंग, शिवनामाचा गजर आणि ‘परमरहस्य’ लिहिणाऱ्या या संतकवीचे अभंग. इतक्या माणसांपर्यंत कीर्तनकाराचा शब्द पोचवायचा तर कर्णे बांधावेच लागतात. आपल्याकडच्या माणसाची ‘दणदणीत आवाजा’ची कल्पना अशाच जागी तयार होते. यात्रा, शिवनाम सप्ताह, लग्नाची वरात, आणि हल्ली दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरवरचा साउंड. तीच कल्पना डोक्यात घेऊन माणूस दहा बाय बाराच्या खोलीसाठी सेट घ्यायला जातो आणि तिथेच फसतो. दरीतला हिशेब वेगळा, खोलीतला वेगळा.

हिशेबाची सुरुवात दिंडीपासूनच करू. एक टाळकरी टाळ वाजवतो आहे. त्याच्याशेजारी दुसरा उभा राहिला आणि त्यानेही तेवढ्याच जोराने टाळ धरला. हवेत जाणारी ध्वनीची शक्ती दुप्पट झाली. तुम्ही डोळे मिटून समोर उभे असाल तर तुम्हाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटेल का? नाही. ‘जरा वाढला’ इतकंच म्हणाल. या ‘जरा’चं माप ३ डेसिबल. कानाला साधारण दुप्पट वाटायला दहा टाळकरी लागतात, म्हणजे १० डेसिबलची वाढ. चौपट वाटायला शंभर. दहा टाळकरी असलेल्या दिंडीत अकरावा येऊन मिळाला तर अर्धा डेसिबलसुद्धा वाढत नाही आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण एकट्या टाळकऱ्याला दुसरा मिळाला की लगेच कळतं. कान बेरजेने वाढ मोजत नाही, तो पट मोजतो. ही कानाची उणीव समजू नका; पानांची सळसळ आणि अंगावर येणारा ढगांचा गडगडाट हे दोन्ही एकाच कानाने ऐकता येतात ते यामुळेच.

आता टाळकऱ्याच्या जागी वॅट ठेवा. ५० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॅटचा लावला, बाकी सगळं तेच, तर फायदा ३ डेसिबलचा. मघाच्या दुकानातल्या २०० आणि ५०० मधला फरक, दोन्ही आकडे खरे धरले तरी, ४ डेसिबल. किमतीत फरक केवढा असतो तो तुम्हीच आठवा. सेट बदलून आवाज दुप्पट वाटावा असं मनात असेल तर ५० वॅटच्या जागी ५०० खरे वॅट हवेत, आणि ते झेपतील असे स्पीकरही. तेवढ्या पैशात काय काय येतं हे पुढे सांगितलं आहे. ॲम्प्लिफायर त्या यादीत बराच खाली आहे.

वॅट हे ॲम्प्लिफायरमधून तारेत जाणाऱ्या विजेचं माप आहे, हवेत पोचणाऱ्या आवाजाचं नाही, हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं होतं. मधे उभा असतो स्पीकर. वीज घेऊन आवाज देण्याचं काम त्याचं, आणि खरं सांगायचं तर तो हे काम फार वाईट करतो. घरगुती स्पीकरला दिलेल्या १०० वॅटमधून जेमतेम पाव वॅट ते एक वॅट आवाज म्हणून बाहेर पडतो. बाकी सगळी उष्णता. जळालेला वूफर उघडून पाहिला तर काळी पडलेली कॉइल दिसते आणि भाजलेल्या वार्निशचा वास येतो, तो या उष्णतेचाच पुरावा. कोणता स्पीकर किती कमी वाईट, हे सांगणारा एक आकडा असतो. एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल भरतात, तो आकडा. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. पुस्तकांच्या कपाटात मावणाऱ्या छोट्या स्पीकरची साधारण ८४ ते ८८. मोठ्या, जमिनीवर उभ्या करायच्या स्पीकरची ८८ ते ९२. आणि मांडवाच्या खांबाला बांधलेल्या भोंग्याची १०५ च्या वर.

छोट्या स्पीकरचे ८६ आणि भोंग्याचे १०६ धरा. या दोन आकड्यांत दिसायला वीसचाच फरक. पण २० डेसिबल म्हणजे शंभर पट शक्ती. भोंग्याला एक वॅट दिला तर जेवढा आवाज होतो तेवढा करायला घरच्या स्पीकरला १०० वॅट द्यावे लागतील. सप्ताहाच्या मांडवात ३० वॅटच्या युनिटवर अख्खं गाव कसं ऐकतं आणि घरातला ‘हजार वॅट’चा सेट अंगणापलीकडे का पोचत नाही, याचं उत्तर या एका आकड्यात आहे. वॅटचा त्यात फारसा हात नाही.

मग घरात भोंगाच का लावू नये? कारण भोंगा फक्त मधलं तेवढं घेतो. सुमारे ३०० हर्ट्‌झच्या खालचं त्याला झेपत नाही. माणसाचा शब्द कळायला लागणारी व्यंजनं एक ते चार हजार हर्ट्‌झच्या आसपास असतात, ती तो चोख पोचवतो. आणि नेमका याच पट्ट्यात आपला कान सगळ्यांत तीक्ष्ण. त्यामुळे पावसाळ्यात धबधब्याच्या सरसरत्या आवाजावरही कर्ण्यातला शब्द कापून वर येतो. पण पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून वादक जो घुमारा काढतो, तो भोंग्यात शिरतच नाही. राहतो तो नुसता ‘टक टक’. मांडवात भजनाला बसून पखवाज प्रत्यक्ष ऐकला आणि मग बाहेर येऊन तोच कर्ण्यातून ऐकला, तर हातातलं अर्धं वाद्य कुणी काढून घेतल्यासारखं वाटतं. तो घुमारा उमटवायला मोठा पडदा, मोठा डबा आणि भरपूर हवा हलवावी लागते, आणि तिथे वॅट खरंच खर्च होतात. घरच्या सेटमधली बहुतेक ताकद खर्जच खातो.

८६ डेसिबलवाला साधा स्पीकर कमी समजू नका. दोन माणसं मीटरभर अंतरावर बसून नेहमीसारखं बोलत असतील तर आवाज ६० डेसिबलच्या आसपास असतो. ८६ त्याहून २६ ने जास्त. शक्तीच्या हिशेबात चारशे पट. म्हणजे एका वॅटवर चालणारा एक सामान्य स्पीकर चारशे माणसं एकदम बोलल्याइतकी ध्वनिशक्ती खोलीत सोडतो. पहिला वॅट हा असा असतो. लोक पैसे मोजतात ते शंभराव्या वॅटसाठी.

अंतराचा मुद्दा दरीत आणि घरात किती वेगळा होतो ते बघा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १०६ असेल तर दोनवर १००, चारवर ९४, आठवर ८८, आणि ६४ मीटरवर ७०. एका वॅटवर. म्हणूनच यात्रेत एकच मोठा भोंगा जोरात लावण्यापेक्षा वाटेवर ठिकठिकाणी लहान भोंगे बांधणं शहाणपणाचं. शेवटच्या माणसाला शब्द कळतो आणि पहिल्याचे कान फुटत नाहीत. असे लांबवर भोंगे बांधायचे तर तारा लांबतात, म्हणून १०० व्होल्टची लाइन वापरतात. ३० वॅट थेट ८ ओहमवर पाठवायचे तर जवळपास दोन अँपिअर करंट लागतो. १०० व्होल्टच्या लाइनवर तेच काम ०.३ अँपिअरमध्ये होतं आणि बारीक तार चालते. घरात मात्र या तारेच्या चिंतेत पडू नका. एक चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार पाच मीटर ओढली तर ८ ओहमच्या स्पीकरवर ०.२ डेसिबलचंसुद्धा नुकसान होत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या स्पीकर-तारांबद्दल माझं मत यावरून वाचकाला कळेलच.

खोलीत सहा-सहाचा हा उतार फार लांब चालत नाही. भिंतींवर, छतावर, फरशीवर आपटून आवाज परत येतो आणि मीटर-दीड मीटरनंतर तो आवाजच जास्त भरतो. त्यामुळे मधल्या आकाराच्या खोलीत ८६ डेसिबलवाले दोन स्पीकर, दोघांना एकेक वॅट, ऐकणारा तीन मीटरवर, असा हिशेब मांडला तर ८० डेसिबलच्या जवळपास उत्तर येतं. ८० म्हणजे शेजारी बसलेल्याशी बोलायला आवाज चढवावा लागेल इतकं. रोजचं ऐकणं ७०-७५ वर होतं. त्याला पाव-अर्धा वॅट पुरतो. हे वाचून पुष्कळांना खोटं वाटेल. वाटू द्या, मीटर लावून बघा. चौथ्या प्रकरणात घरच्या घरी मोजायची रीत दिली आहे.

‘मग ५ वॅटचा सेट घेऊन मोकळं व्हावं की!’ असं कुणी म्हणेल, तर तेही चूक. संगीत सपाट नसतं. पखवाजावर थाप पडते त्या क्षणी आवाज सरासरीच्या कितीतरी वर उडी घेतो आणि लगेच खाली येतो. चांगल्या ध्वनिमुद्रणात ही उडी १५ ते २० डेसिबलची असते. सरासरी ७५ डेसिबलवर ऐकताय, त्याला साधारण ०.३ वॅट लागतात. वरची थाप १८ डेसिबल उंच असेल तर त्या क्षणापुरते २० वॅट लागतील. सरासरी ८० वर ऐकायची सवय असेल तर ६० च्या पुढे. खऱ्या वॅटची गरज पडते ती या क्षणांसाठी. माझा हिशेब विचाराल तर आपल्याकडच्या सर्वसाधारण घराला दर चॅनेलला २० ते ६० खरे वॅट भरपूर झाले. अंगणात मंडप घालून बारसं करायचं असेल तर एका दिवसासाठी साउंडवाला सांगावा; त्यासाठी वर्षभर घरात भिंतीएवढे स्पीकर बाळगू नयेत.

‘खरे वॅट’ असं पुन्हा पुन्हा म्हणतो आहे, कारण खोटे फार आहेत. १९९० च्या दशकात टू-इन-वन आणि म्युझिक सिस्टिमवर ‘पीएमपीओ’ नावाचा आकडा ठळक छापलेला असायचा. २०००, ३०००, पुढे पुढे तर काही विचारू नका. एखाद्या निमिषार्धात कपॅसिटरमधला साठा बाहेर फेकून, विकृतीची पर्वा न करता, सगळ्या स्पीकरांची बेरीज मारून जे काही येईल ते. या आकड्याला सर्वमान्य मोजणी नव्हतीच, त्यामुळे ज्याच्या मनाला येईल तो छापी. आता पीएमपीओ फारसा दिसत नाही, पण वृत्ती तीच आहे. १० टक्के विकृतीवर मोजलेला वॅट, चारऐवजी दोन ओहमवर मोजलेला वॅट, एकच चॅनेल चालू ठेवून मोजलेला वॅट.

ट्रॅक्टरचंच उदाहरण घ्या. बॅटरी १२ व्होल्टची. तिच्यावर थेट चालणारा ॲम्प्लिफायर, आत व्होल्टेज चढवणारी व्यवस्था नसेल तर, ब्रिज जोडणीतसुद्धा स्पीकरला जास्तीत जास्त १२ व्होल्टचं शिखर देऊ शकतो. चार ओहमवर त्याचा हिशेब: बाराचा वर्ग १४४, भागिले दोन गुणिले चार. १८ वॅट. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट धरले तर २४-२५. बाजारात गाजलेली ४४४० नंबरची आयसी ब्रिजमध्ये सुमारे १९ वॅट देते, ते याच मर्यादेमुळे, आणि तेही १० टक्के विकृतीवर. त्या आयसीचं किट ‘२०० वॅट’ म्हणून विकलं जातं तेव्हा हा भागाकार दुकानातच करावा. त्याला कॅल्क्युलेटरही लागत नाही. आत व्होल्टेज चढवणारे कारचे ॲम्प्लिफायर वेगळे. त्यांची बॅटरीची तार बोटाएवढी जाड असते, आणि इंजिन बंद करून वाजवले तर सकाळी ट्रॅक्टर धक्का मारून सुरू करावा लागतो.

घरच्या विजेवरच्या सेटचं पितळ उघडं पाडायला मागची पट्टी वाचा. ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, ४० वॅट’ असं काही तिथे लिहिलेलं असतं. जो सेट भिंतीतून ४० वॅट ओढतो तो स्पीकरला सातत्याने ४०० देईल कुठून? मात्र इथे एक सावधगिरी. मोठ्या, नामांकित ॲम्प्लिफायरांवरही हा आकडा कधी कधी कमी दिसतो, कारण तो पूर्ण ताकदीच्या एक अष्टमांशावर मोजायची रीत आहे. त्यामुळे पट्टीवरचा आकडा संशयाला जागा देतो, निकाल देत नाही. दहा पटींचा फरक असेल तर मात्र निकाल लागला असं खुशाल समजा.

विजेचा विषय निघालाच आहे. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की सेट मंद झाला, अशी तक्रार आपल्या भागात नेहमीची. साध्या ट्रान्सफॉर्मरवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरला २३० च्या ऐवजी १८० व्होल्ट मिळाले तर त्याची कमाल ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. ऐकायला भयंकर. पण डेसिबलमध्ये हा फरक जेमतेम २ चा, आणि तोही बटण शेवटपर्यंत पिळलेलं असेल तरच; नेहमीच्या आवाजात काहीच कळणार नाही. केवळ आवाजासाठी स्टॅबिलायझर घेऊ नये. एसएमपीएसवर चालणाऱ्या सेटला तर १८० व्होल्टचा पत्ताही लागत नाही. व्होल्टेज उतरल्यावर खरी गोष्ट घडते ती वेगळीच: ॲम्प्लिफायर लवकर फाटायला लागतो.

हे फाटणं जवळून समजून घेण्यासारखं आहे. दुरुस्तीला येणाऱ्या सेटमध्ये ट्विटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, जळालेला असतो आणि मालक ठामपणे सांगतो, ‘ॲम्प्लिफायर तर २० वॅटचाच आहे हो, ट्विटर मोठा होता.’ त्याला वाटतं लहान ॲम्प्लिफायर स्पीकरला इजा करू शकत नाही. गाण्याची लाट ॲम्प्लिफायरच्या व्होल्टेजच्या मर्यादेला जाऊन थडकली की तिचं डोकं सपाट कापलं जातं. गोल टेकडीचं पठार होतं. आता दोन गोष्टी होतात. एक, सरासरी ताकद वाढते. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच ॲम्प्लिफायरमधून २० च्या जागी ४० वॅटपर्यंत काढते. दुसरी, कापलेल्या कडांतून मूळ गाण्यात नसलेले वरचे सूर तयार होतात आणि सुरांची वाटणी करणारा क्रॉसओव्हर ते इमानेइतबारे ट्विटरकडे पाठवतो. ट्विटरची कॉइल केसाइतकी बारीक. काही वॅटच सोसायची तिची तयारी असते, कारण खऱ्या संगीतात वरच्या सुरांत ताकद थोडीच असते. ती जळते. म्हणून स्पीकर जळू नये असं वाटत असेल तर आवाज ‘फाटला’ की बटण मागे घ्यावं. ते फाटणं हीच सूचना. मोठा ॲम्प्लिफायर नीट वापरला तर लहान ॲम्प्लिफायर पिळून वापरण्यापेक्षा स्पीकरला सुरक्षित असतो, हे विधान अर्धवट सांगितलं जातं. ‘नीट वापरला तर’ एवढे शब्द त्यातून गळतात, आणि मोठ्या ॲम्प्लिफायरने कोन फाटलेले वूफर मग रिकोनिंगला येतात.

बटणाबद्दलही एक गैरसमज इथेच मोडून टाकतो. बटण अर्ध्यावर आहे म्हणजे अर्धी ताकद शिल्लक आहे असं नाही. फोन किंवा पेनड्राइव्हमधून सिग्नल जोरकस येत असेल तर बटण घड्याळातल्या बारावर असतानाच ॲम्प्लिफायर पुरता संपलेला असू शकतो. पुढचा सगळा फेरा नुसता फाटण्याचा. जुन्या डेकवर ‘लाउडनेस’ नावाची एक कळ असायची, ती दाबली की आवाज भरल्यासारखा वाटे. ती ताकद वाढवत नसे. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं. ती कळ तेवढा खर्ज भरून काढी. रात्री घरातले झोपल्यावर हळू आवाजात भजन ऐकणाऱ्यांसाठी ती फार उपयोगाची होती, आणि हल्लीच्या बहुतेक सेटवरून ती गेली याचं मला वाईट वाटतं.

या पुस्तकातलं सगळ्यांत लांब प्रकरण खोलीवर आहे, ॲम्प्लिफायरवर नाही. काही वाचक कुरकुर करतील. पण मराठवाड्यातलं घर एका पिढीत बदललं आहे आणि त्याबरोबर त्यातला आवाजही. जुनं माळवदाचं घर: जाड मातीच्या भिंती, वर लाकूड आणि त्यावर मातीचा थर, खाली सारवलेली जमीन, वलणीवर कपडे, कोपऱ्यात वाकळांची चळत. त्या घरात रेडिओ ऐका. शब्द न् शब्द मोकळा. आता स्लॅब, गुळगुळीत प्लास्टर, चकचकीत टाइल आणि मोजकं सामान. टाळी वाजवली की खोली ‘टंग्‌’ करून उत्तर देते. अशा खोलीत गाण्याचे बोल एकमेकांत मिसळतात, ऐकणाऱ्याला कळत नाही म्हणून तो आवाज वाढवतो, आणि वाढवला की घोळही तितकाच वाढतो. पत्र्याच्या खोलीत त्यावर पत्र्याचा खणखणाट. हार्वर्ड विद्यापीठात १८९५ च्या सुमारास वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने अशाच घुमणाऱ्या एका व्याख्यानगृहात रात्री-रात्री जागून दुसऱ्या सभागृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि प्रत्येक वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. खोलीचा आकार आणि आवाज शोषणाऱ्या वस्तू यांवर घुमणं अवलंबून असतं हा नियम त्याने त्यातून काढला. आपल्याला गाद्या उसन्या आणायची गरज नाही. फरशीवर एक जाड वाकळ, समोरच्या भिंतीवर पडदा, आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे. कोपऱ्यात खोचलेल्या स्पीकरचा खर्ज फुगतो आणि त्याखाली बोल दबतात. एवढ्या फेरफाराने जे साधतं ते वॅट दुप्पट करून साधत नाही, आणि खर्चही शून्य.

आवाज किती असावा यावर उपदेश करायचा माझा विचार नाही, पण दोन आकडे सांगितल्याशिवाय प्रस्तावना पुरी होणार नाही. ८५ डेसिबल आठ तास, ही कानाला सोसवणारी मर्यादा कामाच्या ठिकाणांसाठी पुष्कळ ठिकाणी मानली जाते. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीप्रमाणे त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला पंधरा मिनिटं. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्या पोरांचा हिशेब यावरून करा. दुसरा आकडा कायद्याचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी ठरलेली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. मिरवणूक, मांडव यांच्या परवानग्यांवर वाद खूप होतात. पण त्याच नियमांत खासगी जागेबद्दलही कलम आहे हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. तुमच्या घरच्या सेटचा आवाज तुमच्या हद्दीवर त्या पातळीच्या ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. रात्री दहानंतर शेजारच्या भिंतीपाशी ५०. घरात ८० वर लावून उघड्या खिडकीबाहेर ५० च्या आत राहणं अवघड असतं. यात्रेच्या किंवा सणाच्या दिवसांसाठी सरकार वर्षातले फार तर पंधरा दिवस रात्री बारापर्यंत सवलत देऊ शकतं. घरातल्या होम थिएटरला ती लागू होत नाही.

पुढची प्रकरणं कुठूनही वाचायला हरकत नाही. आयसी आणि ट्रान्झिस्टरच्या जोडण्यांत रस नसलेल्याने पाचवं आणि सहावं सोडलं तरी काही बिघडत नाही. चार आणि आठ ओहमचं प्रकरण मात्र सोडू नका, कारण तिथे एक चलाखी उघड केली आहे: सेन्सिटिव्हिटी एक वॅटऐवजी २.८३ व्होल्टवर मोजली की चार ओहमच्या स्पीकरला प्रत्यक्षात दोन वॅट मिळतात आणि तो फुकटात ३ डेसिबल चांगला दिसतो.

खरेदीला निघालात तर पैशाचे वाटे असे करा: मोठा वाटा स्पीकरला, उरलेल्यातून ॲम्प्लिफायर, आणि पहिले आठ दिवस फक्त स्पीकरच्या जागा बदलून बघण्यात. दुकानात ‘किती वॅटचा?’ विचारण्याआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी विचारा, ती किती ओहमवर मोजली ते विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर खोक्यातलं पत्रक काढायला लावा. पत्रकातही तो आकडा नसेल तर तो स्पीकर घेऊ नका.